नाक पाहून आडनाव: ‘पाषाण’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पाषाण, तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो, पण बायकोने लॅपटॉप मिटायला लावला. म्हणाली, आता रागात लिहाल, सकाळी लिहा. सकाळी लिहिलं तेही पुसलं. आज शुक्रवार आहे आणि राग पुरता गेलेला नाही, पण आता लिहायला हरकत नसावी.

ज्यांच्या नजरेतून मूळ लेख सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की आपल्या भीमा-सीनेच्या पात्रात मोठे शिंपले मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात, लांबट आणि पातळ लॅमेलिडेन्स, गोलसर आणि जाड पॅरेशिया. दख्खनच्या लाव्हाखाली जी जुनी तळी गाडली गेली, त्यांच्या गाळात, म्हणजे इंटरट्रॅपियन थरांत, मिळणारा युनिओ डेक्कनेन्सिस हा त्यांचा पूर्वज, असंही लिहिलं होतं. त्यावर पाषाण या नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो:

“लेख वाचायला बरा, विज्ञान म्हणून टाकाऊ. शिंपल्याचा आकार पाहून प्रजाती सांगणं म्हणजे नाक पाहून आडनाव सांगणं. डीएनए केल्याशिवाय यातलं काहीही सिद्ध होत नाही. पूर्वज कशावरून? इंटरट्रॅपियन थर नागपूरकडचे, सोलापूरचा काय संबंध? लामार्कचं सालही चुकलंय. नदीकाठी फिरून कोणी जीवाश्मतज्ज्ञ होत नाही. जरा अभ्यास करून लिहीत जा.”

आधी तुमचं जिथे बरोबर आहे ते. लामार्कचं साल माझं चुकलं. आपल्या लांबट शिंपल्याला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने ‘युनिओ मार्जिनॅलिस’ नाव दिलं ते १८१९ साली, मी लिहिलं १८२२. बिनकण्याच्या प्राण्यांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा सहावा खंड दोन भागांत निघाला, पहिला १८१९ला, दुसरा १८२२ला, आणि मी दुसऱ्या भागाचं साल पहिल्याला लावून बसलो. चूक माझी, दाखवलीत त्याबद्दल आभार. मनापासून म्हणतोय.

आता ‘टाकाऊ’ या शब्दाबद्दल. मी २९ वर्षं सोलापुरात विज्ञान शिकवलं. आठवीतल्या पोराने वहीत बेडकाला चार कप्प्यांचं हृदय काढलं तरी मी त्या पानावर टाकाऊ असा शेरा मारला नाही. चूक कुठे आहे तिथे गोल केला, बाजूला बरोबर काय ते लिहिलं, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी बरोबर चित्र काढून घेऊन आलं. तुम्ही चूक दाखवलीत एकाच ठिकाणी, सालाची, आणि शेरा मारलात सगळ्या लेखावर. तुम्ही या विषयातले जाणकार असाल. भाषेवरून तसं वाटतंही. पण जाणकार माणसाने असं बोललं की पुढचा माणूस प्रश्न विचारायचं सोडून देतो, आणि या ब्लॉगवर शाळेतली मुलं येतात, त्यांनी ते वाचलेलं आहे. मला त्याचं जास्त लागलं.

आता तुमचं मुख्य वाक्य. “डीएनए केल्याशिवाय यातलं काहीही सिद्ध होत नाही.”

माझ्या टेबलावर या क्षणी दोन शिंपले आहेत. दोन्ही पंढरपूरच्या खाली वाळूतून उचललेले, दोन्हींचं डावं अर्धुक, आतली बाजू वर केलेली. पहिला बोटभर लांब, आत निळसर पांढरी चमक. बिजागरीच्या बाजूने नख फिरवलं की मागे दोन लांब सरळ कड्या लागतात, पट्टीच्या काठासारख्या, आणि त्यांच्या मध्ये एक चर. पुढचे दात, म्हणजे दोन अर्धुकं एकमेकांत अडकवणारे उंचवटे, तेही पातळ, पत्र्यासारखे, काठाला जवळजवळ समांतर. हे पातळ पात्यांसारखे दात पाहूनच अमेरिकेतल्या सिम्प्सन यांनी १९०० साली लॅमेलिडेन्स ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी काढली, नावाचा अर्थच तो. दुसरा शिंपला आकाराने लहान, पण हातात घेतला की जड. याचे पुढचे दात जाड आणि खडबडीत, फुटलेल्या विटेच्या काठासारखे. तो उलटा करून चोचीकडचा फुगीर भाग, म्हणजे जिथून शिंपला वाढायला लागतो ती जागा, उजेडात तिरपी धरली की नागमोडी रेघांची नक्षी दिसते. लॅमेलिडेन्सला तिथे हात लावून बघा, जवळजवळ गुळगुळीत. पॅरेशियाची ही नक्षी म्हाताऱ्या शिंपल्यात झिजून जाते, म्हणून मी नेहमी लहान नग शोधतो. याला तुम्ही नाक पाहून आडनाव म्हणता? नाक एक असतं. इथे दातांची संख्या आहे, त्यांची जाडी आहे, दिशा आहे, चोचीची नक्षी आहे, स्नायूंचे ठसे आहेत, आणि हे सगळं एकत्र जुळावं लागतं.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. सुताचा धागा दोन बोटांत फिरवून काउंट, म्हणजे सुताच्या जाडीचा आकडा, सांगायचे. मालक नंतर काट्यावर खात्री करून घ्यायचा आणि वडिलांचा आकडा क्वचितच चुकायचा. त्यांना कोणी अंदाजपंचे म्हटलं नाही. त्या बोटांमागे ३० वर्षांचा माग होता. शिंपल्याचंही तसंच आहे, पाषाण. माझी आजी दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला शिंपला वापरायची आणि त्यासाठी तिला लांबट, पातळ काठाचाच लागायचा. गोल जाड शिंपला मी आणून दिला तर परत करायची. लॅमेलिडेन्स हे नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं, पण दोन्हींत तिची कधी गल्लत झाली नाही.

राहिला जीवाश्माचा प्रश्न, आणि तुमचं वाक्य तिथेच सगळ्यात जास्त चुकतं. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एक प्रवाह थंड झाला, त्याच्यावर पाणी साचलं, तळं झालं, शिंपले-शंख राहायला आले, मग पुढच्या लाव्हाने ते तळं झाकून टाकलं. तेच आपले इंटरट्रॅपियन थर. आजवर कुठल्याही जिवाचा मिळालेला सगळ्यात जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांचा, तोही ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, २०२२ साली जाहीर झालेला. २० लाख कुठे आणि ६.६ कोटी कुठे! त्यातून इंटरट्रॅपियन शिंपला म्हणजे अनेकदा खरा शिंपलाही नसतो. कवच विरघळून जातं आणि मागे राहतो तो आत भरलेल्या गाळाचा दगड झालेला साचा. असा एक साचा मी नागपूरला एका मित्राच्या घरी तासभर हातात घेऊन बसलो होतो. त्यात सगळं उलटं असतं. दाताच्या जागी खाच, स्नायूच्या खळग्याच्या जागी उंचवटा. डोक्यात सतत उलट-सुलट करावं लागतं. पण त्या खाचा मोजता येतात, त्यांची लांबी मोजता येते. डीएनए काढायला तिथे काय आहे? दगड. तुमचा नियम लावला तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या कुठल्याच शिंपल्याबद्दल कोणी काहीच बोलू नये. जीवाश्मशास्त्र बंद करायचं का मग?

तुम्हाला वाटेल की मी डीएनएच्या विरोधात आहे. अजिबात नाही. २०११ साली व्हेलन, जिनेव्हा आणि ग्राफ यांनी गोड्या पाण्यातल्या उष्ण कटिबंधातल्या शिंपल्यांची डीएनएवरून वंशावळ मांडली आणि आपल्या पॅरेशियाचं आफ्रिकेतल्या कोएलाटुरा या शिंपल्याशी जवळचं नातं दिसलं. आज लॅमेलिडेन्स, पॅरेशिया आणि कोएलाटुरा एकाच उपकुलात धरतात, पॅरेशियायनी. नुसत्या शिंपल्यावरून काम करणाऱ्यांनी त्यांना निरनिराळ्या खणांत ठेवलं होतं. हे मान्य करताना मला काही कमीपणा वाटत नाही, उलट त्या दिवशी मी आनंदाने वर्गात नकाशा काढला होता. पण हेही पाहा की सिम्प्सन यांनी दात बघून केलेली लॅमेलिडेन्स ही प्रजाती डीएनएनंतरही मोडली नाही. कोणाच्या शेजारी ठेवायचं ते बदललं.

वरच्या पातळीवर तर शिंपला डीएनएच्या आधीच बरोबर होता. ट्रायगोनिया नावाचा समुद्री शिंपला कच्छच्या ज्युरासिक आणि क्रिटेशियस थरांत भरपूर मिळतो. तो नामशेष झाला असंच सगळे समजत होते, पण १९व्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात त्याचा जिवंत नातेवाईक मिळाला आणि लामार्कने १८०४ साली त्याला नाव दिलं. नदीतले शिंपले आणि हा ट्रायगोनिया जवळचे आहेत हे लोकांनी बिजागरी आणि मोत्यासारखी चमक पाहून ओळखलं होतं. नंतर डीएनएने त्यालाच दुजोरा दिला. डीएनएवरून काळ काढणारे जे आकडे देतात, अमुक शाखा इतक्या कोटी वर्षांपूर्वी फुटली, त्यांच्या घड्याळाला चावीही जीवाश्मच देतात. ज्याचं वय खडकावरून कळलेलं आहे असा शिंपला आधी लागतो, मग ते घड्याळ चालतं. शिंपल्याला टाकाऊ म्हटलं तर त्या घड्याळातली वेळही गेली.

कॉर्बिक्युला या प्रजातीचं उदाहरण तुम्ही दिलं असतं तर मी थोडा गप्प बसलो असतो. वाळू चाळताना चाळणीत राहते ती बारकी, पिवळसर, आडव्या उठावदार रेघांची शिंपली. तिच्यात आकार आणि रंग इतके बदलतात की जुन्या लोकांनी एकेका रूपाला वेगळी जाती म्हणून नाव देऊन शेकड्याने नावं करून ठेवली. तिथे नुसता आकार खरंच फसवतो. पण तिथे डीएनएही फसवतो! कॉर्बिक्युलाच्या काही वंशांमध्ये शुक्राणू अंड्यात शिरला की अंडं स्वतःच्या केंद्रकातली सामग्री बाहेर टाकून देतं. पिल्लाचं केंद्रक पूर्णपणे बापाचं आणि मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं, त्यांचा डीएनए वेगळा असतो) तेवढे आईचे. एका वंशाचा शुक्राणू दुसऱ्या वंशाच्या अंड्यात गेला की पिल्लाचा मायटोकाँड्रियाचा डीएनए एक घराणं सांगतो आणि केंद्रकाचा दुसरं. आता कोणाचं ऐकायचं? हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दोन वाजेपर्यंत झोपलो नाही. आणि या फसव्या प्रजातीचेसुद्धा जीवाश्म कामाला येतात. इंग्लंडमध्ये थेम्सच्या जुन्या खडी-वाळूच्या थरांत कॉर्बिक्युला मिळते, आणि थर हिमयुगांच्या मधल्या कोणत्या उबदार काळातला हे ठरवताना ती आहे की नाही हे बघतात. तिथे कोणी आधी डीएनए करून आणा म्हणत नाही.

‘युनिओ’ या नावाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण दोन वाचकांनी विचारलं आहे, आणि मघाच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. युनिओ म्हणजे लॅटिनमध्ये मोठा मोती. एक काळ असा होता की नदीतला मोत्याची चमक असलेला बहुतेक कुठलाही शिंपला युनिओ. लामार्कने आपल्या शिंपल्यालाही त्याच पोत्यात घातलं. नंतर पोतं उसवलं. आज युनिओ हे नाव मुख्यतः युरोप, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या काही भागांतल्या शिंपल्यांना आहे. भारतातले बाहेर पडले. म्हणून लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस लिहिल्यावर लामार्कचं नाव आणि साल कंसात टाकतात. त्या कंसाचा अर्थ एवढाच की जातीचं नाव त्याने दिलं, पण प्रजाती पुढे दुसऱ्याने बदलली. डेक्कनेन्सिसला इंग्लंडचे निसर्गतज्ज्ञ सॉवर्बी यांनी १८४० साली नाव दिलं तेव्हा पोतं अजून शिवलेलं होतं, म्हणून तोही युनिओ. नाव बदललं म्हणजे आधीचे लोक अडाणी होते, असा अर्थ होत नाही.

“पूर्वज कशावरून?” पूर्वज हा शब्द मी आपण घरी वापरतो त्या अर्थाने वापरला होता. सरळ रेषेतला पणजोबा असं मला म्हणायचं नव्हतं, त्याच घराण्यातला जुना माणूस, एवढंच. ‘नातेवाईक’ लिहायला हवं होतं असं कोणाला वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. लॅमेलिडेन्स आणि पॅरेशिया म्हणून ओळखले गेलेले जीवाश्म शिवालिकच्या थरांत मिळतात, ते या इंटरट्रॅपियन काळाच्या पुष्कळ अलीकडचे, आणि ते मी मूळ लेखात लिहिलेलं होतं.

सोलापूरचा काय संबंध? सोलापूर त्याच बेसाल्टवर बसलेलं आहे. आणि इंटरट्रॅपियन थर फक्त नागपूरकडे नाहीत. कलबुर्गीच्या पलीकडे गुरमिटकलला आहेत, विकाराबादजवळ नास्कलला आहेत. सोलापूरहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या आत पोचाल.

आणि ते शेवटचं वाक्य, “नदीकाठी फिरून कोणी जीवाश्मतज्ज्ञ होत नाही.” हे वाचून मला काय वाटलं ते सांगतो. दख्खनचे हे शंख-शिंपले गोळा करून विलायतेला नेणारे माल्कमसन हे मद्रासच्या फौजेतले डॉक्टर होते. निजामाच्या मुलखात, गोदावरीच्या उत्तरेच्या डोंगरांत फिरताना त्यांना ते मिळाले, आणि सॉवर्बींनी नावं दिली ती त्यांच्याच नगांना. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप पाद्री होते, शाळा चालवायचे. टाकळीच्या तळ्याच्या गाळातले शंख-शिंपले त्यांनी सोबती हंटर यांच्याबरोबर जमवले आणि १८६०च्या निबंधात त्यांचं वर्णन केलं. युनिओ हंटेरी हे नाव त्याच सोबत्याचं. १८६३ साली टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं बघून रात्री परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडून गेले. नास्कलला पुढे त्या काळातला सस्तन प्राणी मिळाला, त्याला १९८८ साली प्रसाद आणि साहनी यांनी नाव दिलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. नदीकाठी, ओढ्याकाठी फिरणाऱ्या माणसाचं नाव आहे ते.

मी हिस्लॉप नाही. मला तज्ज्ञ म्हणा असंही मी कुठे म्हटलेलं नाही. मला भूशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं, वडिलांचा माग बंद पडला आणि मी बी.एड. करून नोकरीला लागलो. तरी गेली ३४ वर्षं मी शिंपला उचलला की त्याच दिवशी कागदाच्या चिठोऱ्यावर गाव, काठ, पाण्याची पातळी, तारीख लिहून तो चिठोरा त्याच्याबरोबर डबीत ठेवतो. असे ६३ नग मी एकदा एका संस्थेकडे तपासायला पाठवले होते. सात महिन्यांनी परत आले ते एका पिशवीत, सगळे एकत्र, चिठोरे वेगळ्या लिफाफ्यात. कोणता चिठोरा कोणत्या शिंपल्याचा हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. ते ६३ शिंपले आता शोभेचे झाले. तेव्हापासून मी कोणाला काही पाठवत नाही, स्वतःच बघतो, स्वतःच लिहितो. ‘जरा अभ्यास करून लिहीत जा’ हे तुम्ही मला सांगायचं? तुमचे किती चिठोरे आहेत, पाषाण? नाव तरी खरं लावा.

हे शेवटचं वाक्य बायकोने काढायला सांगितलं होतं. ठेवतोय.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर पाणी उतरलं की मी आठवड्यातून एकदा सीनेच्या पुलाखाली जातो. हल्ली वाळू उपशामुळे पात्रात खड्डेच जास्त आहेत आणि जिवंत पॅरेशिया मिळाला तर नशीब, पण रिकामी अर्धुकं मिळतात. भिंग माझ्याकडे आहे. डावं अर्धुक हातात घेऊन मागच्या कड्यांवरून नख फिरवा, मग बोलू. तुमचा डीएनएचा मुद्दाही मी तिथे पूर्ण ऐकून घेईन.

मूळ लेखात १८२२चं १८१९ केलं आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.